बिनबांगडीचा हात

कांताबाईचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. धुणं वाळत घालताना, तूर पाखडताना, नळाची वाट पाहत उभं राहताना त्या भिंतीवरून मी तिचं बरंचसं आयुष्य पाहिलं. घर खरं तर तिच्या धाकट्या भावाचं, गोपालचं. आर्णीच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. पण गल्लीत ते घर कांताबाईचं म्हणून ओळखलं जायचं, कारण आवाज तिचा असायचा.

तिला दारव्ह्याकडे दिलं होतं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला सांगितलं, राहायचं तर रहा, पण चुलीपाशी ती बसेल. कांताबाई दुपारच्या गाडीनं माहेरी आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि नळाजवळच्या धुण्याच्या दगडावर दोन्ही मनगटं आपटली. आपल्याकडे नवरा गेल्यावरसुद्धा बांगड्या वाढवल्या म्हणतात, फोडल्या म्हणत नाहीत. आणि हिचा नवरा तर धडधाकट होता. तिची आई तेव्हा हयात होती, ती कपाळ बडवून घ्यायला लागली. कांताबाई काचा वेचता वेचता म्हणाली, "त्याच्यापाशी मी मेली. मंग माह्यापाशी त्याले कायले जिता ठेवू?"

तेव्हापासून तिचे हात रिकामे. हळदीकुंकवाला तिला कुंकू लावावं की नाही हे कोणालाच कळेना, म्हणून बायकांनी तिला बोलावणंच सोडून दिलं. असं कोणी ठरवलं नव्हतं. सगळ्यांना ते आपोआप सुचलं.

आई गेली, गोपालचं लग्न झालं, आणि कांताबाईची पथारी मागच्या खोलीत गेली. तिथं जळक्या मोटारी आणि तांब्याच्या तारेची वेटोळी पडलेली असायची. गोपालची बायको प्रेरणा यवतमाळची, बी.ए. झालेली. ती नणंदेला ताई म्हणायची, ताट वाढून द्यायची, आणि जेवताना सहज म्हणायची की मागची खोली भाड्यानं गेली असती तर बरं झालं असतं. मुकुटबनला त्यांचा चुलतभाऊ देवराव राहतो. त्याची आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. तिचं उठवणं-बसवणं करायला तिकडं माणूस हवं होतं, आणि हा विषय गोपालच्या घरात सारखा निघायचा. निघाला की कांताबाई दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठून अख्खं अंगण धुवायची.

मग नयन झाला.

नयन दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर पाहायचा नाही. बापाच्या दुकानातले वायसर ओट्यावर एका रांगेत मांडायचा, आणि रांग मोडली तर भिंतीवर डोकं आपटायचा. उचलून घेतलं की अंग लाकडासारखं करायचा. बापाचा हात तो धरायचा नाही, कारण बाप "आधी बोल, काय पाह्यजे थे बोल" म्हणून हात मागं घ्यायचा. आईनं हात पुढं केला तर मान खांद्यात घालून लांब सरकायचा.

कांताबाईचा हात मात्र धरायचा. बोटं नाही, मनगट. मनगट धरून ओढत न्यायचा आणि पाणी हवं असलं तर तो हात नळावर ठेवायचा, बिस्किट हवं असलं तर डब्याच्या झाकणावर. आपण भाजीतली पळी उचलतो, तसा. काम झालं की सोडून द्यायचा.

पण धरायचा तो तिचाच, हे खरं होतं. आणि एवढ्यावर कांताबाई त्या घरात राणी झाली. मागच्या खोलीतून तिची पथारी मधल्या खोलीत आली, कारण नयन उठला की त्याला मनगट लागायचं. गोपाल दुकानातून आला की आधी तिला विचारायचा, आज कसा होता. मुकुटबनचं नाव निघेना.

राणी झाल्यावर ती प्रेरणाशी कशी वागली, तेही सांगायला हवं. प्रेरणा पोराजवळ गेली की ही नेमकी तिला कामासाठी हाक मारायची. दारात बायका बसल्या असल्या की सांगायची, मायले पाहूनच रडते पोट्टं, मी काय करू. वाढदिवसाला प्रेरणानं केकचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेला, त्यानं तोंड फिरवलं. कांताबाईनं तोच तुकडा तिच्या हातातून घेतला आणि धरला, त्यानं खाल्ला. सगळ्या हसल्या. कांताबाई म्हणाली, "पोट तुहं वो प्रेरणा, पन पोट्टं माहं." प्रेरणासुद्धा हसली. मग आत जाऊन तिनं घासलेली भांडी पुन्हा घासली.

नयन सहा वर्षांचा झाला. शाळेत गुरुजींनी महिनाभर काढला आणि गोपालला बोलावून सांगितलं की याला यवतमाळला दाखवा. तिथं एका केंद्रात अशा मुलांची तपासणी करतात, तपासणी झाली की सकाळी शिकवायलाही घेतात. अट एवढीच की घरातली एकच बाई रोज मुलासोबत आली पाहिजे. मुलाला कसं शिकवायचं ते तिलाही शिकवतात, आणि पुढं घरी सगळं तिनंच करायचं.

ती बाई कोण, हे ठरलं नव्हतं. दोघींनाही ठाऊक होतं की जी जाईल तिचा नयन. कांताबाईला आणखीही एक ठाऊक होतं, की आपण नाही गेलो तर आपल्याला मुकुटबन आहे. भिंतीपाशी येऊन ती मला म्हणाली, "बरं झालं वैनी. आता कागदावरच दिसन, पोट्टं कोनाले ओळखते थे."

गोपालला दुकान बंद ठेवता येईना, म्हणून सोबतीला मी गेले. एसटीत नयन खिडकीच्या गजांना जीभ लावत बसला. कांताबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. प्रेरणानं माहेरी जाताना नेसते ती साडी नेसली होती, हातात मनगटभर हिरवा चुडा, मध्ये माहेरच्या लाखेच्या दोन.

तपासणारी मुलगी होती अर्पिता मॅडम. पंजाबी ड्रेस, आखूड केस, बोलणं हळू. खोलीत एक सतरंजी, तिच्यावर चेंडू, भोवरा, ठोकळे आणि घट्ट झाकणाचा एक पारदर्शक डबा. डब्यात बिस्किटं. तिनं समजावून सांगितलं की याची काही रक्ततपासणी नसते, फोटो नसतो. मूल काय करतं ते पाहायचं, घरच्यांना विचारायचं, आणि एकेका गोष्टीला एकपासून पाचपर्यंत आकडा द्यायचा. कधीच करत नाही तर एक, नेहमीच करतो तर पाच. शेवटी बेरीज.

कांताबाई चौथी शिकलेली. पाच म्हटल्यावर ती ताठ बसली.

मॅडम विचारत गेली आणि दोघी उत्तरं देत गेल्या. नजर चुकवतो का? प्रेरणा म्हणाली, कधी कधी. कांताबाई म्हणाली, कधी कधी नाई, नेहमीच, मी रोज पाहतो ना. एकटाच खेळतो का? प्रेरणा विचार करत होती तोवर कांताबाईनं वायसरांची रांग, ती मोडल्यावरचं डोकं आपटणं, सगळं सांगून टाकलं. मॅडमनं पाचला गोल केला. कांताबाईनं तो गोल पाहिला, मग प्रेरणाकडे पाहिलं. आवाजांचा त्रास होतो का, यावर मिक्सर, कुकरची शिट्टी, दुकानातलं ग्राइंडर अशी दोघींची चढाओढ लागली. जिथं प्रेरणा दोन म्हणायला जात होती तिथं कांताबाई पाच करून घेत होती. आपण पहिल्या नंबरानं पास होतोय असं तिचं तोंड झालं होतं. मॅडमला ते कळलं असावं, कारण मध्येच तिनं मान वर करून सांगितलं की मावशी, इथं आकडा वाढला म्हणजे त्रास जास्त. पण कांताबाईपर्यंत ते पोचलं नाही.

मग मॅडमनं विचारलं, काही हवं असलं तर तो दुसऱ्याचा हात धरून नेतो का.

"नेते ना," कांताबाई म्हणाली. "पन दुसऱ्याचा नाई. माहाच. मायचा नाई, बापाचा नाई. माह्याबिगर कोनाचा हात त्यानं आजलोक धरला नाई."

तिथंही पाच.

आता त्याला पाहायचं होतं. मॅडमनं आम्हा तिघींना भिंतीशी बसवलं. नयन सतरंजीवर फिरला, भोवऱ्याला पालथं करून त्याचं टोक चाटलं, मग त्याला डब्यातली बिस्किटं दिसली. झाकणाला नखं लावली. उघडेना. कांताबाई बसल्या जागेवरून पुढं सरकली आणि मनगट लांब केलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडे पाहिलं.

"मावशी, तुम्ही नका," मॅडम म्हणाली. ती नयनच्या बाजूला पाठमोरी बसली, त्याच्याकडे न पाहता, आणि आपला हात सतरंजीवर नुसता ठेवून दिला.

नयननं तिचं मनगट धरलं. डब्याच्या झाकणावर ठेवलं. तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

मॅडमनं झाकण काढलं, त्यानं बिस्किट घेतलं, हात सोडला. तिनं काहीतरी लिहिलं.

कांताबाईचा हात अजून पुढंच होता. ती म्हणाली, "तुमाले तर थो ओळखत बी नाई."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. ती वाईट नव्हती, तिला रोज हे सांगावं लागत असणार. म्हणाली, "तो माणसाला धरत नाही मावशी, हाताला धरतो. झाकण उघडायचं साधन, चमच्यासारखं. अशा बऱ्याच मुलांमध्ये दिसतं ते. मघाशी मी पाच दिले ते त्याचेच."

कांताबाईनं हात मागं घेतला आणि पदराखाली ठेवला.

यानंतर प्रेरणा बोलली. सहा वर्षं तिनं हे कोणाला विचारलं नसेल. "मग माझाच काहून नाही धरत, मॅडम? चमचा म्हणून तरी धरायचा."

मॅडमनं तिला पुढं बोलावलं, तशीच बाजूला बसवलं, हात ठेवायला सांगितला. प्रेरणानं हात सतरंजीवर टेकवला. चुडा खळकन वाजला. नयनची मान खांद्यात गेली आणि तो बूड घासत भिंतीपर्यंत मागं सरकला. कुकर, मिक्सर, ग्राइंडर सगळं सांगून झालं होतं. हा आवाज दोघींपैकी एकीनंही सांगितला नव्हता. सांगणार कशा? आमच्या गल्लीत प्रत्येक बाईच्या मनगटात काच आहे, माझ्याही. रात्रंदिवस वाजते. आम्हाला ती ऐकूच येत नाही.

मॅडमनं आपले मोकळे हात दाखवले. म्हणाली की इथं आम्ही कोणीच घालत नाही, मुलं बिचकतात. आणि विचारलं, "काढता येतील का जरा?"

प्रेरणा चुड्याकडे पाहत राहिली. आता कांताबाई बोलली, आणि फार हळू बोलली. ती एवढी हळू बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. "जित्या नवऱ्याच्या बाईनं हात रिकामे करू नाई, प्रेरणा. माह्याकडं पाह्य. पाह्य मले काय झालं थे."

वीस वर्षांत जी गोष्ट तिनं कोणापुढं वाईट म्हणून कबूल केली नव्हती, ती तिनं त्या खोलीत प्रेरणाला थांबवण्यासाठी काढली. प्रेरणानं तिच्याकडे पाहिलंही. मग उठली, कोपऱ्यातल्या बेसिनवरचा साबण हाताला लावला आणि एकेक बांगडी ओढून काढायला लागली. एक फुटली, रक्त आलं. बांगड्या तिनं माझ्या रुमालात ठेवल्या आणि परत सतरंजीवर जाऊन बसली.

वेळ लागला. डब्याचं झाकण पुन्हा लावलं होतं. नयन भिंतीपासून हळूहळू आला, डब्याभोवती फिरला, आणि त्यानं आईचं मनगट धरलं. साबणाचं, ओलं, रक्ताची रेघ असलेलं. झाकणावर ठेवलं.

प्रेरणा रडायला लागली. रडत रडत तिनं झाकण उघडलं. त्यानं बिस्किट घेतलं आणि तिचा हात सोडून दिला, जसा मॅडमचा सोडला होता तसाच. ते तिनं पाहिलं नाही. डोळे पुसून तिनं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, तुम्हाले तो कधी धरतच नव्हता."

बेरीज झाली, कागद झाला. रोज सोबत कोण येणार, हे मॅडमनं विचारल्यावर प्रेरणानं आपलं नाव सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही. निघताना मॅडम कांताबाईला म्हणाली की मावशी, तुम्ही सहा वर्षं हात दिला म्हणून तो एवढं तरी मागायला शिकला, तुम्हीही अधूनमधून येत जा. हे वाक्य आमच्यापैकी कोणी आर्णीला नेलं नाही. परतीच्या गाडीत नयन दोघींच्या मध्ये बसला होता. त्याला तहान लागली तेव्हा बाटलीच्या बुचावर ठेवायला त्यानं डावीकडचं मनगट घेतलं. डावीकडं प्रेरणा होती.

प्रेरणा मोकळ्या हातांनी वावरायला लागली तेव्हा गोपाल चार दिवस धुसफुसला. तिनं मनगटाला हिरवा दोरा बांधला आणि बायकांना सांगितलं, लेकरासाठी करून राह्यली. बायकांनी लगेच मानलं. संक्रांतीला तिला आधी कुंकू लावलं, आई असावी तर अशी, असंही कोणी म्हणालं. कांताबाई त्या दिवशी अंगणात लाल मिरच्यांची देठं खुडत होती. वाणाची ताटं तिच्या डोक्यावरून जात-येत होती.

ती अजून प्रयत्न करायची. नयनच्या अगदी लगत बसायची. तो जे मनगट जवळ असेल ते घ्यायचा, कधी हिचं, कधी तिचं. कांताबाईचं घेतलं की ती आशेनं मान वर करायची, आणि प्रेरणा चुलीपासून म्हणायची, "बसा ताई तिथंच. डबा उघडायले कामी येते कोनी तरी." सहा वर्षांचं देणं ती थोडं थोडं, चवीनं फेडत होती. कांताबाईची पथारी मागच्या खोलीत गेली. पुढं काय येणार ते सगळ्यांना दिसत होतं, आणि ते गोपालच्या तोंडून आलं. एक मोटार उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, देवरावचा फोन होता. मोठीमायले कोनी नाई तिकडं. तुले सवय हाय अशा कामाची."

कांताबाईनं विचारलं, कधी.

"तू म्हनशीन तेव्हा. सोमवारी."

सोमवारी सकाळी मी भिंतीशी होते. प्रेरणानं कासारणीला बोलावून आणलं होतं. घरची लेक बाहेर धाडायची तर चोळी-बांगडी करायची असते, रिकाम्या हातानं कशी धाडू, नवरा जिता हाय तिचा, असं ती कासारणीला सांगत होती. ते माणुसकीनं चाललं होतं की कसं, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही. कांताबाई ओट्यावर बसली होती. तिनं हात पदरात ओढून घेतले आणि भावाकडे पाहिलं.

गोपाल म्हणाला, "भर ना बाई. लोक पाहून राह्यले."

लोक म्हणजे मीच होते.

तिनं हात पुढं केले. काम करून करून पंजे रुंद झाले होते, बांगडी चढेना. कासारणीनं अंगठ्याखालचं हाड दाबून दाबून दोन्ही हातांत हिरव्या काचा भरल्या. जिथं तिनं वीस वर्षांपूर्वी मनगटं आपटली होती, तो धुण्याचा दगड तिच्या पायाशीच होता. कासारीणच म्हणाली, लागलं का वो बाई.

ऑटो आला. नयन दारात उभा होता, हातात बिस्किटाचा डबा, झाकण लागलेलं. कांताबाईनं पिशवी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. "आन," ती म्हणाली, "मी उघडून देतो." आणि हात पुढं केला.

बांगड्या वाजल्या. नयननं डबा टाकला, दोन्ही कानांवर हात दाबले आणि मागं मागं जात चौकटीवर आपटला. मग वळला, आत धावला, आणि मला भिंतीवरून दिसलं की त्यानं प्रेरणाचं मनगट धरलं आणि तिला ओढत डब्याकडे आणायला लागला.

प्रेरणा म्हणाली, "निघा ताई. यवतमाळहून पुढची गाडी चुकन."

कांताबाई उठली. पडलेला डबा तिनं उचलला नाही. ऑटोत बसताना तिनं दोन्ही हात पोटाशी घट्ट आवळून धरले होते, वाजू नयेत म्हणून. रस्त्यात खड्डे आहेत, तरी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं ते वाजू दिले नाहीत.

नयन तोवर बिस्किट खाऊन आत गेला होता.